दुसरी नजर

कागदावर दोन सह्या असल्या म्हणजे तो दोघांनी वाचला, असे प्रशासनात गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे दोन प्रसंग तामिळनाडूतील रक्ततपासणीच्या इतिहासात आहेत.

पहिला १९८६ चा. चेन्नईचे नाव तेव्हा मद्रास होते. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. चामड्याचा व्यापार करणाऱ्या तेथील मराठी घराण्यातल्या. एड्स हा परदेशातला रोग, अशी त्या काळी सर्वांची समजूत होती. तरीही त्यांनी आपल्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना प्रबंधासाठी हाच विषय सुचविला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने घेऊन निर्मला रात्रीच्या गाडीने वेल्लोरला गेल्या. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एलायझा चाचणीची सोय होती. सहा नमुने सदोष निघाले. निष्कर्ष खळबळजनक होता, पण तो लगेच जाहीर झाला नाही. रक्त पुन्हा नव्याने घेण्यात आले आणि वेस्टर्न ब्लॉट या वेगळ्या पद्धतीने अमेरिकेत तपासून घेण्यात आले. भारतातील एचआयव्हीची ती पहिली नोंद. तिच्यावर कोणाला बोट ठेवता आले नाही, याचे श्रेय या दुसऱ्या नजरेला आहे.

पुढे दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथाही बंद झाली. नियम पुरे झाले, असे वाटले.

दुसरा प्रसंग डिसेंबर २०१८ चा, विरुधुनगर जिल्ह्यातील. सात्तूरच्या सरकारी रुग्णालयात एका गर्भवतीला दिलेले रक्त एचआयव्हीबाधित निघाले. ते शिवकाशीच्या रक्तपेढीतून निर्दोष ठरून आले होते. त्या दात्याचे रक्त २०१६ मध्येच बाधित आढळले होते, मात्र ती वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. चूक अखेर उघड केली ती स्वतः दात्याने. आणि नंतर त्या तरुणाने आपले जीवन संपविले. नोंदवही होती, नियम होता, शिक्काही होता. नव्हती ती दुसरी नजर.

दुसऱ्या तपासनिसाने पहिल्याचे उत्तर आधी पाहिले, की त्याची सही म्हणजे नुसता होकार ठरतो. म्हणून रक्तगट दोनदा, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवर तपासावा. नळीवरची चिठ्ठी रुग्णाच्या खाटेशीच लिहावी. आणि रक्त चढविण्यापूर्वी दोघांनी स्वतंत्रपणे पडताळणी करावी.

परमुलखात राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना येथे एक काम आहे. परक्या भाषेतली परिचारिका आपले नाव चुकतमाकत उच्चारून "तुम्हीच ना?" असे विचारते आणि आपण सवयीने मान डोलावतो. तसे करू नये. आपले पूर्ण नाव आपणच सांगावे. तिसऱ्यांदा विचारले तरी न रागावता सांगावे.