उतारावरची माती: किन्हीराजा आणि वऱ्हाडच्या बालाघाटातील मृदसंधारण

किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानले जात: पूर्णेच्या खोऱ्यातील सखल, खोल काळ्या जमिनीचा पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेचा उंचसखल बालाघाट. किन्हीराजा दुसऱ्या भागात येते. या पठारावरचे पाणी दोन दिशांना फुटते. काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. अडाण पैनगंगेला मिळते आणि ते पाणी वर्धा-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात पोहोचते. उगमाकडच्या या मुलखात वरून गाळ आणणारी नदी नाही. त्यामुळे वावरातून एकदा वाहून गेलेली माती इथे भरून निघत नाही.

जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. माथ्यावर उथळ, मुरमाड बरड, उतारावर मध्यम काळी आणि नाल्याकाठी खोल काळी माती आढळते. काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पहिल्या पावसात त्या बुजतात आणि त्यानंतर पाणी मुरण्याचा वेग फार कमी होतो. जून-जुलैत पेरलेले वावर अजून उघडेच असते. अशा वेळी जोराची सर आली की पाणी उताराने धावते, आधी लहान ओघळी पडतात आणि त्यांच्या पुढे घळी होतात. चिकणमातीचे बारीक कण लवकर खाली बसत नाहीत. ते नाल्यातून नदीत आणि नदीतून धरणात जातात.

या धुपेला आवर घालण्याचे जुने उपाय शेतीच्या रोजच्या कामातच होते. वावराच्या धुऱ्यावर गवत राखले जाई, वावरातले दगड वेचून उताराच्या खालच्या अंगाला रचले जात आणि वखर व डवरा शक्यतो उताराला आडवा चालवला जाई. ज्वारीत तूर मिसळून पेरली की खरीप निघाल्यावरही जमिनीवर पीक उभे राही.

1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला मोठा भाव आला आणि 1867 मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोहोचली. कापूस बाजारात नेणे सोपे झाले, तशी नांगराखालची जमीन वाढत गेली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी कोरडवाहू शेती किती नाजूक आहे ते दाखवले. तेव्हा वाशीम स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडून त्याचा मुलूख अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला गेला.

धुपेचा शास्त्रीय अभ्यास मात्र वऱ्हाडाबाहेर सुरू झाला. 1933 पासून सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन होऊ लागले. तेथील अनुभवातून समपातळी बांधांची पद्धत पुढे आली आणि मुंबई प्रांताने 1942 मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. शेतकऱ्यांच्या हरकती ऐकून योजना मंजूर होई आणि मग ती हद्दीतील सर्व जमिनींना लागू होई. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि बांधबंदिस्तीची ही सरकारी पद्धत या भागातही पोहोचली.

1972 च्या दुष्काळात या कामांना वेग आला. रोजगार हमी योजनेने हाताला काम द्यायचे होते आणि मातीचे बांध घालणे हे हजारो मजुरांना एकाच वेळी देता येण्याजोगे काम होते. मात्र सोलापूरच्या उथळ, कमी पावसाच्या जमिनीत जे बांध टिकले, ते वऱ्हाडच्या खोल काळ्या मातीत फसले. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी साचून जमीन चिबडू लागली आणि पीक पिवळे पडू लागले. उन्हाळ्यात बांधांना भेगा पडत आणि पावसाळ्यात त्याच भेगांतून ते फुटत. समपातळी रेषा धुऱ्याशी जुळत नसल्याने एका वावराचे दोन तिरपे तुकडे होत व औत फिरवणे अवघड जाई. शेतकऱ्यांनी अनेक बांध स्वतःच फोडले. त्यानंतर काळ्या जमिनीसाठी ढाळीचे बांध स्वीकारले गेले. यात पाणी कोंडले जात नाही. ते हलक्या उताराने, माती न उचलता नाल्याकडे नेले जाते.

1980 च्या दशकात विचार आणखी बदलला. एका वावराऐवजी माथ्यापासून नाल्यापर्यंतचे सगळे पाणलोट क्षेत्र हा कामाचा घटक ठरला. राज्याने 1983 मध्ये सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम हाती घेतला. त्याच दशकात जागतिक बँकेच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील मानोली पाणलोट निवडले गेले. 1969 मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने मातीच्या बांधाऐवजी समपातळी रेषेवर वाळा आणि सुबाभूळ यांच्या ओळी लावून पाहिल्या. अशी ओळ पाणी अडवून धरत नाही. ती त्याचा वेग मोडते आणि माती मागे ठेवते.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने 1976 पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धतींची तुलना केली. पारंपरिक पद्धतीत वर्षाला हेक्टरी सरासरी 6.4 टन माती वाहून गेली, तर रुंद वरंबा-सरी आणि सुधारित पीकपद्धतीत 1.5 टन. वरंब्यावर पीक आणि सरीतून सावकाश जाणारे जादा पाणी, ही रचना चिबडणे आणि धूप या दोन्हींवर उपाय ठरते.

पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना 1992 मध्ये राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग झाला. 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा बनला. त्यानंतर जलयुक्त शिवार अभियान आले आणि 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही वाशीमचा समावेश झाला. 2017 च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तलावातला गाळ पुन्हा वावरात नेण्याला उत्तेजन दिले. मात्र वाहून गेलेली माती परत आणण्याचा खर्च ती जागेवर राखण्यापेक्षा नेहमीच जास्त असतो.

दरम्यान पिकेही बदलली. ज्वारीची जागा बऱ्याच अंशी सोयाबीनने घेतली. सोयाबीन ऑक्टोबरात निघते आणि ज्वारीच्या धसकटांसारखे आच्छादन मागे ठेवत नाही. ट्रॅक्टरची पेरणी वावराच्या लांबीने होते. लांबी उताराच्या दिशेला असली की प्रत्येक तास पाण्याला वाट करून देते. म्हणूनच रुंद वरंबा-सरी यंत्राने उताराला आडवी पेरणी, तुरीचे आंतरपीक आणि धुऱ्यावर गवत यांवर आजचा भर आहे.

शतकभराच्या या अनुभवातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. काम माथ्याकडून नाल्याकडे झाले पाहिजे, उलट केल्यास खालचे बंधारे गाळाने भरतात. आणि जादा पाणी कोणाच्या वावरातून, कोणत्या वाटेने जाईल हे शेजारच्या शेतकऱ्यांनी आधी ठरवले पाहिजे. जिथे हे ठरले नाही, तिथे सरकारी खर्चाने घातलेला बांधही पावसाळ्यात टिकला नाही.