आगकाड्यांची हरवलेली मौज

अप्रसिद्ध जुनीं हलतीं चित्रें जमविणाऱ्या माणसास लोक बहुधा छांदिष्ट म्हणतात. ज्याचें नांवही कोणास ठाऊक नाहीं अशा पटाच्या गंजलेल्या डब्यासाठीं त्यानें गांवोगांव कां हिंडावें? उत्तर दादासाहेब फाळके यांच्या एका लहानशा कृतींत आहे.

'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं पडद्यावर आला. त्यापूर्वीं फाळक्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्यानें टिपली होती, आणि तो पट दाखवून भांडवल उभारण्यास साहाय्य मिळविलें होतें. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्यांनीं 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट केला. काड्या मांडावयाच्या, एक चित्र घ्यावयाचें, काड्या किंचित् सरकवून दुसरें घ्यावयाचें. तीं चित्रें वेगानें दाखविलीं कीं निर्जीव काड्या सजीव भासत. फ्रान्समध्यें एमिल कोल यानेंही १९०८ सालीं काड्यांना असेंच नाचविलें होतें. फाळक्यांचा तो पट मात्र आज उपलब्ध नाहीं.

त्या काळची नायट्रेटची फीत चटकन् पेट घेई आणि कालांतरानें कुजे. शिवाय चांदीसाठीं जुन्या फिती गाळल्या जात. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, तोंवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. उलट, कल्याणच्या पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास सुरू केलेल्या 'शांबरिक खरोलिके'च्या रंगविलेल्या कांचा घराण्यानें जपल्या, म्हणून तो खेळ आज समजतो.

हें मर्म खानदेशास नवें नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठीं घरोघर हिंडले. १९२६ सालीं धुळ्यास त्यांचें देहावसान झाल्यावर १९२७ मध्यें तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. चाळीसगांवचे केकी मूस मेजावर लहान वस्तु मांडून विस्तीर्ण देखाव्याचा भास देणारीं छायाचित्रें घेत. १९८९ सालीं ते निवर्तले, तरी त्यांचा संग्रह जपल्यामुळें ती कला आजही पाहावयास मिळते.

प्रसिद्ध कृतीस राखणारे पुष्कळ असतात. अप्रसिद्ध कृतीस एखादाच. तो चुकला कीं ती कायमची गेली. संग्राहकाची ओढ येथूनच उपजते. म्हणून जळगांव-धुळ्याच्या एखाद्या माळ्यावर जुना डबा सांपडल्यास तो रद्दींत घालूं नये, विस्तवाजवळही नेऊं नये, जाणत्यास दाखवावा. न जाणों, त्यांतच कांहीं काड्या अजून नाचावयाच्या राहिल्या असतील.