ईशान्येचे ताट : थायलंडमधील प्रादेशिक अन्नपदार्थांचा इतिहास

थायलंडच्या प्रवासावर लिहिलेल्या पुस्तिकांत ‘धाडसी खवय्यांनी चाखावेत’ अशा पदार्थांची यादी बहुधा असते. आंबवलेली मासळी, लाल मुंग्यांची अंडी, कच्च्या मासळीची कोशिंबीर ही त्यातील नेहमीची नावे. हे पदार्थ अनादी काळापासून जसेच्या तसे चालत आले आहेत, असा त्या वर्णनांचा सूर असतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याहून वेगळे आहे. हे पदार्थ ज्या प्रदेशांच्या नावाने ओळखले जातात, ते प्रदेश आजच्या स्वरूपात बँकॉकच्या राजसत्तेने फार अलीकडे घडविले. पदार्थांत मात्र त्याआधीची स्थलांतरे आणि सत्तांतरे शिल्लक राहिली आहेत.

प्रथम नावांकडे पाहू. ईशान्य थायलंडला ‘इसान’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘ईशान’चा, म्हणजे आपल्या ‘ईशान्य’चाच भाऊबंद आहे. उत्तरेकडील चिआंग माय परिसराच्या प्रशासकीय विभागाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘फायाप’ असे नाव मिळाले; तोही आपला ‘वायव्य’च होय. या दिशा अर्थातच बँकॉकमधून पाहिलेल्या आहेत. मेकाँगच्या डाव्या तीरावरील प्रदेश १८९३ मध्ये फ्रान्सकडे गेल्यानंतर उजव्या तीरावरील प्रजेला ‘लाओ’ म्हणणे सयामला धोक्याचे वाटू लागले. परिणामी १९०० च्या सुमारास विभागांच्या नावांतून ‘लाओ’ हा शब्द गळाला. लोकांचे नाव गेले, दिशेचे नाव उरले.

उत्तरेच्या ताटात हा इतिहास सहज ओळखू येतो. लान ना राज्यावर १५५८ पासून दोन शतकांहून अधिक काळ ब्रह्मी सत्ता होती. आले व चिंचेची चव असलेले ‘केंग हांग ले’ हे डुकराच्या मांसाचे कालवण नावासकट ब्रह्मदेशातून आले आहे. नारळाच्या दुधातील शेवयांचे ‘खाव सोय’ युनानमधून येणाऱ्या मुस्लिम व्यापारी तांड्यांशी जोडले जाते. तेथील ‘लाब’ या खिमावजा पदार्थात पडणारा ‘माखवेन’ हा मसाला कोकणातील तिरफळाचा निकटचा नातलग आहे, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

इसानचे ताट अधिक साधे आणि म्हणूनच अधिक उपेक्षित राहिले. विएंतियानचा राजा अनुवोंग याचा १८२६-२८ चा उठाव मोडल्यावर सयामी सैन्याने ते नगर उद्ध्वस्त केले आणि असंख्य लाओ कुटुंबांना नदी ओलांडून आणून वसविले. खोरात पठाराची जमीन हलकी, क्षारयुक्त आणि पाऊस बेभरवशाचा. पावसाळ्यात भातखाचरांत व ओढ्यांत मिळणारी मासळी मीठ आणि भाजलेल्या तांदळाची पूड लावून महिनोन्‌महिने रांजणात मुरवायची, ही तेथील वर्षभराची बेगमी. हीच ‘प्ला रा’. बांबूच्या टोपलीत वाफवलेला चिकट भात हाताने मळून तिच्यात बुडवावा, हे नित्याचे जेवण. कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’ला प्राचीन समजले जाते, पण पपई आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातील पिके आहेत. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतले व अयुथ्येच्या दरबारी दूत पाठविला, त्यानंतरच ती या भूमीत रुजली.

१९३९ मध्ये पंतप्रधान फिबून यांच्या राजवटीत देशाचे नाव ‘थायलंड’ झाले. त्याच वर्षी निघालेल्या एका सांस्कृतिक आदेशाने प्रजेला प्रदेशानुसार वेगळ्या नावांनी संबोधू नये, सर्वांना ‘थाय’च म्हणावे, असे फर्माविले. युद्धकाळात शासनाने शेवया खाण्याचा प्रचार केला, आणि मुळात चिनी असलेल्या परतलेल्या शेवया ‘पाद थाय’ या नावाने राष्ट्रीय ठरल्या. इसानचे मजूर कामासाठी बँकॉकमध्ये येऊ लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर सोम तामही आले. राजधानीने शेंगदाणे आणि सुकी कोळंबी घातलेले, प्ला रा वगळलेले गोडसर रूप पत्करले. त्याला ‘सोम ताम थाय’ म्हणतात. प्ला रा घातलेल्याला ‘सोम ताम लाओ’ असे नाव पडले. नकाशावरून पुसलेला शब्द असा पपईच्या उखळापाशी टिकून राहिला.

आता ‘धाडसा’विषयी. ‘कोई प्ला’ म्हणजे गोड्या पाण्यातील कच्ची मासळी बारीक चिरून लिंबू, मिरची आणि भाजलेल्या तांदळाची पूड घालून केलेली कोशिंबीर. लिंबाच्या रसाने मासळी शिजते, असा समज रूढ आहे. तिच्यातील ‘ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी’ या चपट्या कृमीच्या अळ्या मात्र त्याने मरत नाहीत. हा कृमी पित्तनलिकांत वर्षानुवर्षे राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या कारणांत गणले, आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाचे ईशान्य थायलंडमधील प्रमाण जगात सर्वाधिक मानले जाते. औषधाने कृमी मरतो; कच्ची मासळी पुन्हा खाल्ली की संसर्गही पुन्हा होतो. प्रवासी एका घासाची आठवण घेऊन परततो. शेतावर मासे धरून तेथेच सोबत्यांसह खाणाऱ्या शेतकऱ्याला त्याची किंमत वीस-तीस वर्षांनी मोजावी लागते. त्याच्या ताटाला मागास म्हणणारी आणि ते सोडण्याची आरोग्यमोहीम चालविणारी राजधानी एकच. म्हणून तिचा योग्य सल्लाही गावात संशयाने ऐकला गेला असल्यास नवल नाही.

तीच मासळी, तोच मसाला, फक्त विस्तवावर परतून घेतला की त्याला ‘कोई सुक’ म्हणतात. ‘सुक’ म्हणजे शिजलेले. इसानमध्ये जाणाऱ्याने हा एवढा शब्द पाठ करावा, आणि शेजारी प्ला रा घातलेले सोम ताम मागताना ते ‘लाओ’ या नावानेच मागावे.