तिखटाच्या आधीचे तिखट

मुंबईच्या कोणत्याही नाक्यावर संध्याकाळी उभे राहिले म्हणजे 'शेजवान' हा शब्द कानी पडल्याशिवाय राहत नाही. शेजवान भात आहे, शेजवान डोसा आहे, आणि लाल मिरची-लसणाची ती शेजवान चटणी आता पुष्कळ घरांच्या फडताळात लोणच्याच्या बरणीशेजारी जाऊन बसली आहे. मूळ शब्द सिच्वान. हा चीनच्या नैर्ऋत्येचा एक प्रांत. गंमत अशी की, तिथल्या स्वयंपाकाचा जो प्राण, तो पदार्थ आपल्या शेजवान चटणीत सहसा नसतो. आणि तरीही आपल्या कोकणच्या माणसाला तो अगदी घरचा वाटावा असा आहे. त्या पदार्थाची आणि त्याच्या मुलखाची हकीकत मला ह्या फराळाच्या दिवसांत सांगावयाची आहे.

सिच्वान म्हणजे चार नद्या, असा अर्थ सर्रास सांगतात. खरे पाहता इ. स. १००१ मध्ये सुंग राजवटीत ह्या मुलखाचे चार सुभे पाडले, त्यांवरून हे नाव आले. डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेले हे एक खोलगट ताट आहे. हवा दमट, आभाळ कायमचे धुक्याने भरलेले. इतके की, इथे सूर्य दिसला तर कुत्री भुंकतात, अशी चिनी म्हण आहे. इ. स. पूर्व २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या सुभेदाराने बांबूच्या करंड्यांत गोटे भरून मिन नदीचा प्रवाह दुभंगला आणि चेंगदूच्या मैदानात पाणी खेळवले. धरण न बांधता केलेली ती व्यवस्था आजही चालू आहे. भाताची ददात त्या दिवसापासून मिटली. मिठाची सोय जमिनीनेच केली होती. झिगोंग येथे बांबूच्या दोराला लोखंडी पहार टांगून, माणसांनी तरफेवर उड्या मारमारून, १८३५ साली हजार मीटरांहून खोल विहीर पाडली. तीतून खारे पाणी निघाले आणि ज्वालाग्राही वायूही निघाला. त्याच वायूवर ते पाणी आटवून मीठ करू लागले. समुद्र शेकडो कोस दूर असताना हे मीठ!

चौथ्या शतकात चांग छ्यू ह्या इतिहासकाराने ह्या मुलखाचा वृत्तांत लिहिला. त्यात तो नोंदवतो की, येथील लोकांना चवीची आवड मोठी आणि झणझणीत, सुवासिक पदार्थ त्यांना प्रिय. आता चौथ्या शतकात चीनमध्ये मिरची नव्हती. ती अमेरिकेच्या मातीतली; कोलंबसाच्या सफरीनंतरच ती जगभर हिंडू लागली. मग हे लोक झणझणीत खात ते काय?

आले तर होतेच, पण मुख्य म्हणजे ह्वाज्याव. आणि हे ह्वाज्याव म्हणजे आपल्या तिरफळाचे सख्खे चुलत भावंड! दोन्ही एकाच वंशातली काटेरी झाडे, दोन्ही लिंबा-संत्र्याच्या कुळातली. बांगड्याच्या आमटीत तिरफळे टाकताना आपल्याकडे बी काढून टाकतात आणि साल तेवढी ठेवतात. सिच्वानची गृहिणीही तेच करते. फरक इतकाच की, तिरफळ चावले तर जीभ थोडी चुणचुणते, आणि ह्वाज्यावने ओठ चक्क थरथरल्यासारखे होतात. हा भास कसा, ह्याचे मोजमाप २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी केले. ओठांवरची ती थरथर दर सेकंदाला सुमारे ५० कंपनांच्या बरोबरीची भरली. चिनी भाषेत ह्या चवीला 'मा' असे स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे तिरफळ आहे, पण त्याच्या चवीला नाव नाही, ही मला जराशी रुखरुख वाटते. हान राजवटीत सम्राज्ञीच्या महालाच्या भिंती ह्वाज्याव मिसळलेल्या गिलाव्याने लिंपीत. एक तर ऊब आणि सुगंध. शिवाय ह्या झाडाला फळांचे घोस लगडतात, तशी राजवंशाची वेल वाढावी ही इच्छा. लिंबूवर्गीय झाडांचा रोग त्याबरोबर येईल ह्या भीतीने अमेरिकेने मात्र १९६८ पासून २००५ पर्यंत त्याच्या आयातीला बंदी घातली होती.

मिरची चीनच्या पुस्तकांत प्रथम दिसते ती १५९१ साली, हांगचौच्या काव लियेन ह्या रसिकाच्या ग्रंथात. आणि तीसुद्धा बागेतली शोभेची वनस्पती म्हणून. तिचे नाव काय ठेवावे? ह्वाज्याव हे मूळचे 'ज्याव'. काळी मिरी परदेशांतून आली तेव्हा ती 'रानटी लोकांचे ज्याव' झाली. मिरची आली तेव्हा तीही परक्यांचे ज्याव झाली. आपणही पोर्तुगीजांनी आणलेल्या ह्या पाहुणीला मिरीवरूनच मिरची म्हटले. सिच्वानात तिला 'हाइज्याव' म्हणतात, म्हणजे समुद्राचे ज्याव. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही अशा डोंगरी लोकांनी ठेवलेले हे नाव!

मिरची ताटात आली ती हौसेने नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शेजारच्या क्वेइचौ प्रांतात मीठ होत नाही. बाहेरून डोंगर चढून येणारे मीठ तिथल्या मियाव लोकांना परवडत नसे. तेव्हा अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका नोंदीप्रमाणे ते मिठाऐवजी मिरची खात. आणि सिच्वानमध्ये? मिंग राजवट कोसळताना, १६४४ साली, चांग श्येनचुंग ह्या बंडखोराने चेंगदू घेतले. त्याची कत्तल, नंतरची युद्धे, दुष्काळ आणि रोगराई ह्यांत सारा प्रांत ओस पडला. पुढे छिंग सम्राटांनी सवलती देऊन पूर्वेकडून, दक्षिणेकडून कुटुंबेच्या कुटुंबे आणून इथे वसवली. ह्या वसाहतवाल्यांच्या काळातच, १७४९ सालच्या एका तालुक्याच्या वृत्तांतात, सिच्वानमधल्या मिरचीची पहिली नोंद सापडते. म्हणजे सिच्वानचे 'प्राचीन' म्हणून जे तिखट जगभर मिरवते, ते उण्यापुऱ्या पावणेतीनशे वर्षांचे आहे, आणि ते निर्वासित-उपऱ्यांच्या चुलीवर शिजले आहे. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांना हे रुचत नाही. मला मात्र ह्यात कमीपणा दिसत नाही. जुन्या मुलखाची झणझणीताची ओढ आणि परक्या मुलखाची मिरची, ही सोयरीक चांगलीच जमली.

ह्या सोयरिकीचे अपत्य म्हणजे पी-श्येनचा दोउबान. बाकल्याच्या डाळीवर बुरशी चढवून ती मिठात मुरवायची आणि खारवलेल्या लाल मिरच्यांत मिसळायची. मग मातीच्या रांजणांत ते वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे ठेवायचे. दिवसा ऊन, रात्री दव, रोज ढवळायचे, आणि पावसाचा थेंब दिसताच झाकण घालायचे. कोणी म्हणतात, फूच्येनहून आलेल्या एका चेन कुटुंबाची वाटेत डाळ बुरसली, ती फेकवेना म्हणून मिरचीशी खाल्ली, त्यातून हे निघाले. दंतकथाच ती, पण भुकेल्या वाटसरूंची आहे, म्हणून पटण्यासारखी.

दोउबानाशिवाय 'मापो तौफू' होत नाही. सोयाबीनच्या दुधाच्या मऊ वड्या, थोडे बारीक मांस, दोउबान, मिरची आणि वरून ह्वाज्यावची पूड. १८६२ च्या सुमारास चेंगदूच्या वानफू पुलाजवळ चेन कुटुंबाची खाणावळ होती. तेल वाहणारे हमाल तेथे टेकत आणि घरधनीण त्यांना हे रांधून घाली. तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते. 'मा' म्हणजे व्रण, 'पो' म्हणजे म्हातारी. पदार्थाचे नाव पडले 'व्रणवाल्या म्हातारीचा तौफू'.

ह्याच्या शेजारी दुसरे नाव ठेवून पाहा. १८७६ ते १८८६ ह्या काळात सिच्वानचा सुभा तिंग पावचन ह्या बड्या अधिकाऱ्याकडे होता. त्याने मिठाच्या व्यापाराची घडी बसवली. त्याला कोंबडीचे तुकडे, भुईमूग आणि सुकी मिरची ह्यांचा पदार्थ आवडे, असे सांगतात. त्याला राजपुत्राच्या पालकत्वाचा 'कुंगपाव' हा किताब होता, म्हणून ती कोंबडी 'कुंगपाव' झाली. खाणाऱ्याचा किताब राहिला आणि रांधणारीचे व्रण राहिले! पण काळाचा हिशेब निराळाच असतो. सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत, १९६६ नंतर, सरंजामी अधिकाऱ्याचे नाव नको म्हणून कुंगपाव कोंबडीचे नावच बदलण्यात आले. ते परत यायला कित्येक वर्षे लागली.

बाकी पदार्थ किती सांगावेत? कावडीवरून विकले जात म्हणून कावडीचेच नाव मिळालेल्या 'तानतान' शेवया आहेत. मासळी नावालाही नसताना मासळीच्या मसाल्याची फोडणी दिलेली 'माशाच्या वासाची' वांगी आहेत. शाकाहारी पाहुण्याने नाव ऐकून उठू नये. घरोघरी लोणच्याच्या बरण्या आहेत. त्यांच्या तोंडाभोवती पन्हळ असते, तीत पाणी भरले की आतला वायू बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत जात नाही. आणि सारेच तिखट असते हा समज तर अगदीच खोटा. 'उकळत्या पाण्यातली कोबी' ह्या पदार्थात वाडग्यात निव्वळ पाणी दिसते. ते पाणी म्हणजे कोंबडी, डुकराचे मांस वगैरे तासन्‌तास उकळून, पुन्हा पुन्हा गाळून नितळ केलेला रस्सा असतो. त्यात मिरचीचा एक कणही नसतो, ह्वाज्यावचाही नाही.