आधी पश्चिम उताराचं पाणी, मग बोगदा

'जलविभाजक' हा शब्द आपण सगळ्यांनी शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलाय. ज्या उंचवट्यामुळे पावसाचं पाणी दोन वेगळ्या दिशांना जातं, तो जलविभाजक. नाशिककरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र तिथून जेमतेम 80 किलोमीटर, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतली वैतरणा मात्र पश्चिमेला उतरून अरबी समुद्र गाठते.

आता अमेरिकेचा नकाशा बघा. दोन्ही खंडांच्या पश्चिम अंगाला डोंगरांचा कणा आहे, उत्तरेत रॉकी, दक्षिणेत अँडीज. पेरूमध्ये ॲमेझॉन उगम पावते ती पॅसिफिकपासून दोनशे किलोमीटरच्या आत, आणि मिळते थेट पलीकडच्या अटलांटिकला. म्हणजे गोदावरीचीच गोष्ट, फक्त फार मोठ्या मापाची.

आपल्या कामाची गोष्ट मात्र रॉकीमध्ये घडली, कोलोरॅडो राज्यात. तिथे डोंगराच्या पश्चिमेला पाणी जास्त, माणसं कमी. पूर्वेला डेन्व्हरसारखी शहरं, शेती, आणि पाण्याची ओढ. 1930 च्या दशकातल्या दुष्काळात पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी मागणी लावून धरली की डोंगराखालून बोगदा काढा आणि पश्चिमेचं पाणी इकडे आणा.

पश्चिमेचे लोक गप्प बसले नाहीत. त्यांचे खासदार एडवर्ड टेलर यांनी अट घातली: जेवढं पाणी न्याल, तेवढंच आमच्यासाठी इथे साठवून द्या. बरीच ओढाताण झाली आणि 1937 मध्ये तडजोड ठरली. पूर्ण मागणी मान्य झाली नाही, पण पश्चिमेसाठी ग्रीन माउंटन धरण पदरात पडलं. ते 1943 मध्ये पूर्ण झालं. सुमारे 21 किलोमीटरच्या बोगद्यातून पूर्वेला पहिलं पाणी गेलं ते 1947 मध्ये. क्रम लक्षात घ्या. भरपाई आधी, बोगदा नंतर.

तिकडे सगळं आदर्श होतं असं अजिबात नाही. 1922 मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी राज्याराज्यांत वाटलं गेलं, तेव्हा तिथल्या मूळ आदिवासींना बैठकीत जागाच नव्हती. शिवाय हिशेब धरला तो जास्त पावसाच्या वर्षांचा. ती चूक आजपर्यंत भोवतेय.

आता आपल्याकडे या. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकचा पश्चिम भाग, आणि खाली पालघरमधलं मोखाडा. पाऊस धो धो, दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. पण उतार तीव्र, खाली बेसॉल्टचा कठीण कातळ, त्यामुळे पाणी मुरत नाही, वाहून जातं. उन्हाळा आला की याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन दरीत उतरतात, टँकरची वाट बघतात. ऊर्ध्व वैतरणा धरण आपल्या जिल्ह्यात, पाणी मुंबईच्या नळाला, आणि त्याच नदीच्या खोऱ्यातलं मोखाडा तहानलेलं.

आता पश्चिमेचं पाणी पूर्वेला वळवण्याच्या योजना पुढे सरकताहेत. नार-पार-गिरणा योजनेला राज्य सरकारने 2024 मध्ये मंजुरी दिली, खर्च सात हजार कोटींच्या वर. दमणगंगेचं पाणी गोदावरीत आणण्याचीही आखणी आहे. कसमादे, खानदेश, सिन्नर, मराठवाडा, सगळ्यांची गरज खरी आहे. जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद दर दुष्काळात पेटतो. खोऱ्यात जास्तीचं पाणी आलं तर तो थोडा निवळेलही. त्यामुळे या योजनांना सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही.

प्रश्न क्रमाचा आहे. 'समुद्रात वाया जाणारं पाणी' हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं. पण समुद्राला मिळण्याआधी ते पाणी ज्यांच्या अंगणातून जातं, त्यांच्या हंड्यात ते आजही थांबत नाही. वाया जातं म्हणायचं तर ते आधी तिथे वाया जातं.

म्हणून प्रत्येक वळण योजनेच्या कागदावर एक रकाना हवा: पश्चिम उतारावरच्या कोणत्या गावांना, किती पाणी, कोणत्या वर्षापर्यंत. ते पोहोचल्याशिवाय पूर्वेचा दरवाजा उघडायचा नाही. तुमच्या आमदाराला योजनेबद्दल विचाराल तेव्हा किती टीएमसी येणार हे जरूर विचारा. त्याआधी हा रकाना भरलाय का, ते विचारा.