चित्रकलेचा तास : नकलेपासून निर्मितीपर्यंत

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. मी पडलो कापडाचा व्यापारी आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर. शिक्षणशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि उभे आयुष्य नक्षी, रंग आणि पोत यांच्या संगतीत गेल्यामुळे एका विषयाचे कुतूहल मनात कायम राहिले आहे. तो विषय म्हणजे प्राथमिक शाळेतील चित्रकलेचा तास. वेळापत्रकात तो असतो. परंतु परीक्षा जवळ आली की गणिताचे किंवा इंग्रजीचे शिक्षक तो मागून घेतात आणि पालक म्हणून आपणही त्यास हरकत घेत नाही. हा तास आपल्या शाळांत आला कोठून, आणि त्याचे रूप पालटावे म्हणून कोणी काय केले, हा इतिहास सुज्ञ वाचकांस निश्चित रुचेल.

या तासाचा उगम, आश्चर्य वाटेल, व्यापारात आहे. सन १८५१ मध्ये लंडन येथे भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले. हिंदुस्थानी कारागिरांच्या वस्त्रांची व नक्षीकामाची तेथे मोठी वाहवा झाली. इंग्रजी कारखान्यांतील मालाची नक्षी मात्र जाणकारांना निकृष्ट वाटली. यंत्रे उत्तम, पण नक्षीकार नाहीत, ही उणीव भरून काढण्यासाठी तेथील सरकारने कलाशिक्षणाचे स्वतंत्र खाते काढले. हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी तेवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम घालून दिला. प्रथम सरळ रेषा, मग छापील चित्राबरहुकूम बाह्यरेषा, मग छायाप्रकाश, अशी ती चढण होती. स्वतःच्या मनातील चित्र काढण्याची पाळी विद्यार्थ्यावर फार उशिरा येई, आणि पुष्कळांवर कधीच येत नसे.

हीच पद्धती आपल्याकडे आली. सर जमशेदजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. जॉन लॉकवुड किपलिंग, जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारखे शिक्षक तेथे लाभले. पुढे शाळांतील मुलांसाठी रेखाकलेच्या श्रेणी परीक्षा आल्या. आपल्या पिढीला परिचित असलेल्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा त्याच परंपरेतल्या होत. १९६५ मध्ये स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाल्यानंतर त्या त्याच्याकडे आल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे विषय आजही पुष्कळ घरांत ठाऊक आहेत.

या परीक्षांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्याचा हात या शिस्तीतून गेला नाही, त्याला साडीच्या पदरावरील बुट्टा काठाशी जुळवता येत नाही, हे आमच्या धंद्यात पदोपदी दिसते. परंतु चौदा वर्षांच्या मुलास जे पथ्य मानवते, ते सहा वर्षांच्या बालकास मानवेलच असे नाही. फळ्यावरचा आंबा पाहून पन्नास मुलांनी पन्नास सारखे आंबे काढावेत, यात आंबाही नाही आणि मूलही नाही.

बालकाचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नसून त्याचे त्याचे स्वतंत्र सृजन आहे, हा विचार प्रथम ठामपणे आचरणात आणणाऱ्यांत व्हिएन्ना येथील फ्रान्झ चिझेक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग उघडला. कागद कातरावा, माती मळावी, लाकडावर ठसा कोरावा. गुरूने साहित्य पुरवावे व उत्तेजन द्यावे, परंतु मुलाच्या चित्रास हात लावू नये, अशी त्यांची रीत होती. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांची प्रदर्शने इंग्लंडमध्ये भरली, तेव्हा तेथील शिक्षकवर्ग चकित झाला.

आपल्या देशात हे कार्य शांतिनिकेतनात झाले. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये कलाभवन स्थापन केले आणि नंदलाल बोस यांनी ते नावारूपास आणले. तेथे कला ही भिंतीवर टांगण्याची वस्तू राहिली नाही. ऋतूंच्या उत्सवात, अंगणातील अल्पनेत, नाटकाच्या वेषभूषेत ती मिसळून गेली. याच नंदलालबाबूंना गांधीजींनी १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे बोलावून घेतले. काँग्रेसचे ते खेडेगावात भरलेले पहिले अधिवेशन. बांबूसारखे तेथलेच साहित्य वापरून त्यांनी अधिवेशननगरी सजविली. मौल्यवान सामग्रीवाचून सौंदर्य उभे राहते, याचा तो पुरावाच होता.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची जी योजना आखली, तीत चित्रकला व संगीत यांना स्थान होते. सेवाग्रामचे हे कार्य आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य पाहत असे. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. १९४४ मध्ये नंदलालबाबूंचे शिष्य देवीप्रसाद तेथे कलाशिक्षक म्हणून दाखल झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. ते स्वतः चित्रकार आणि कुंभारकामात निष्णात. प्रत्येक मुलाला चित्रकार बनवावयाचे नाही. परंतु प्रत्येकाचे शिक्षण मात्र कलेच्या पायावर उभे राहावे, ही त्यांची धारणा होती. ‘बच्चों की कला और शिक्षा’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याचे इंग्रजी रूप १९९८ मध्ये प्रकाशित झाले. चरख्याचे, शेतीचे व मातीचे काम ज्या शाळेत रोजचे, तेथे मूल आपण केलेल्या कामाचेच चित्र काढी. त्यामुळे विषय शोधत बसावे लागत नसे. स्वातंत्र्यानंतर नई तालीम मागे पडली, हे खरे. सरकारला ती हवी होती, पण पालकांना नको होती, असे माझे मत आहे. सेवाग्राम येथे २००५ मध्ये आनंद निकेतन या नावाने शाळा पुन्हा सुरू झाली, हे समाधानाचे होय.

याच सुमारास आपल्या राज्याच्या पश्चिम टोकाला दुसरा प्रयोग चालू होता. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास प्रारंभ केला. १९५७ मध्ये तो कोसबाडच्या टेकडीवर गेला. अनुताई वाघ यांनी तो पुढे कित्येक वर्षे चालविला. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर कोठून यावीत? म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना तेथेच रुजली. या वारली मुलांच्या घरी लग्नप्रसंगी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जाई. चित्र म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावयाचे नव्हते.

आपल्याकडे तरी ते कोठे शिकवावे लागते? मंदिरात अक्षतांचे स्वस्तिक, त्यावर तीन पुंज आणि अर्धचंद्र आपली पाच वर्षांची नात आजीच्या शेजारी बसून मांडते. तिला कोणी पट्टी दिलेली नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अन्य विषय कलेच्या आधारे शिकवावेत असे म्हटले आहे. त्याचा अर्थ काय, असे मला कोणी विचारले तर मी माझ्या धंद्यातले उदाहरण देईन. तिसरीच्या वर्गास मांजरपाटाचे हातरुमालाएवढे तुकडे द्यावेत. ते आधी धुऊन घेणे अगत्याचे, कारण कोऱ्या कापडाला खळ असते आणि खळीवर रंग धरत नाही. ठशासाठी बटाटा कोरण्याची रीत सर्वत्र आहे. ज्यांच्या घरी कंदमूळ वर्ज्य आहे त्यांना भेंडीचे देठ पुरते, आणि त्याचा आडवा काप आपसूक फुलाचा ठसा उमटवितो. पहिल्या ओळीत चार ठसे. दुसरी ओळ अर्ध्या अंतराने सरकवून. हे अंतर मुलांनी वीतभर दोऱ्याला घड्या घालून काढावे, म्हणजे अर्धा व पाव हे त्यांना बोटांनी कळतात. ज्याची ओळ वाकडी झाली, त्याची वाकडीच राहू द्यावी. कापड आमच्या दुकानात कटपीस म्हणून पडूनच असते, त्याचे मोल कोणी लावत नाही. रंगाची वाटी चौघांत एक पुरे. काम दोन तासांत उरकते. वाळावयास मात्र एक रात्र द्यावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी मुले घंटेच्या आधी वर्गात येतात.