सुरतेच्या समाधीवरील हिशेब

सुरत शहरात कतारगाम दरवाजाच्या बाजूस इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. तेथील घुमट आणि कमानी दुरून पाहणारास एखाद्या मोगल सरदाराचे मकबरे वाटावेत. आत मात्र चिरनिद्रा घेत आहेत ते सतराव्या शतकातील ईस्ट इंडिया कंपनीचे वखारवाले. त्यांच्यापैकी ऑक्झेंडन बंधूंच्या स्मरणार्थ जी भाषा योजिली गेली, ती ना फारसी, ना गुजराती, ना त्यांची स्वतःची इंग्रजी. ती लॅटिन होय.

१६१३ साली बादशाही फर्मान मिळून इंग्रजांची वखार सुरतेत स्थिरावली. पुढे याच वखारीत ख्रिस्तोफर ऑक्झेंडन कंपनीच्या सेवेत होता. १८ एप्रिल १६५९ रोजी त्याला मृत्यू आला. त्याच्या सोबत्यांनी त्याच्यासाठी जो लॅटिन लेख कोरविला, तो शोकलेख असूनही सारा हिशेबाच्या भाषेत आहे. वर्षांची मोजदाद करणे या हिशेबनिसाच्या वाट्यास आले नाही, त्याला केवळ दिवसच मोजता आले. कारण मृत्यूने अचानक येऊन त्याच्याकडे हिशेब मागितला, असे तो लेख सांगतो. नंतर कंपनीच्या धन्यांना उद्देशून तो विचारतो, यात तुमचा तोटा कोणता आणि नफा कोणता? तुम्ही एक सेवक गमावलात, आम्ही एक सोबती गमावला, आणि त्याने तर प्राणच गमावला.

येथवर सर्व नोंदी तोट्याच्याच झाल्या. यापुढे लेखात दोन लहानसे शब्द येतात, 'पेर काँत्रा'. त्यांचा अर्थ 'उलट बाजूस'. खातेवहीचे पान मधोमध विभागून एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा लिहितात, त्यांतील समोरची बाजू असा त्यांचा व्यवहारातील अर्थ आहे. त्या बाजूस मृताने एवढेच लिहावे, 'मोर्स मिही लुक्रुम', म्हणजे 'मृत्यू हा मला लाभ'. हे शब्द संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील विचारावरून घेतलेले आहेत. बंदिवासात असताना संत पौलाने आपल्या जगण्याचा अर्थ ख्रिस्त आणि मरणाचा अर्थ लाभ असा सांगितला होता. मूळ पत्र ग्रीक भाषेतील; पण पश्चिम युरोपास ते शतकानुशतके लॅटिन भाषांतरातून परिचित होते.

ज्या शहरात दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीवर 'शुभ लाभ' लिहिण्याची परंपरा आहे, त्याच शहरात परदेशी हिशेबनिसाच्या समाधीवर लाभाचाच शब्द कोरला जावा, हा योग विलक्षण खरा. पण तो अगदीच आगंतुक नव्हे. वखारीतील इंग्रज आणि पेढीवरील सुरती सावकार यांचे जीवन एकाच व्यवहारात गुंतलेले होते. वीरजी व्होरा या सुप्रसिद्ध सावकाराकडून इंग्रज वखार वेळोवेळी कर्ज घेत असे. ते कर्ज उभे राहत असे पतीवर, म्हणजे विश्वासावर. लॅटिन भाषाही हेच सांगते. 'क्रेडिट' हा शब्द 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगीकाराचा पहिला लॅटिन शब्द 'क्रेदो', म्हणजे 'मी विश्वास धरतो', हाही त्याच धातूचा. 'डेबिट' म्हणजे जे देणे लागते ते. 'ऑडिट' या शब्दाच्या मुळाशी 'ऐकणे' आहे. कारण पूर्वी हिशेब मोठ्याने वाचले जात आणि तपासनीस ते कानांनी तपासत.

जॉर्ज ऑक्झेंडन १६६२ पासून सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष होता. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा मोगल सुभ्यातील या श्रीमंत बंदराचा अधिकारी किल्ल्यात जाऊन बसला. वीरजी व्होऱ्याचे घर लुटले गेले. इंग्रजांची वखार मात्र ऑक्झेंडनने राखली. १६६८ साली मुंबई बेट राजाकडून कंपनीकडे आले आणि त्याचाही कारभार त्याच्याकडे गेला. १४ जुलै १६६९ रोजी तोही सुरतेतच मरण पावला. भावाच्याच ठिकाणी त्याच्यासाठी भव्य समाधी उठली. तिच्यावरील लॅटिन लेखात वाचकाला मित्र म्हणून संबोधिले आहे, या थोर इमारतीचे प्रयोजन काय, असा प्रश्न त्याच्या तोंडी घातला आहे, आणि उत्तरादाखल जॉर्जचे कूळ, पद व गुण मोजून दाखविले आहेत.

दोन लेखांत फरक आहे तो येथेच. एकात पदव्यांची जमा आहे, दुसऱ्यात एका अल्प आयुष्याची शिल्लक. १६८७ साली कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईस हलले. पुढे १८७४ साली कंपनीच विसर्जित झाली आणि तिच्या वह्या कायमच्या मिटल्या. पण 'पर काँट्रा' हे शब्द बँकांच्या ताळेबंदांत अद्याप छापलेले आढळतात. ते वाचणारास बहुधा एका रकमेची समोरच्या रकमेशी जुळणी एवढेच दिसते. सुरतेतील सोबत्यांनी त्याच शब्दांच्या आधारे आपल्या मित्राच्या मरणासमोर त्याची श्रद्धा मांडली, आणि खाते जुळविले.